वैजयंतीबाईंचा राजीनामा

वैजयंती टेंभेकरांनी आयुष्यात कधी राजीनामा दिला नव्हता. बियाणे तपासणी प्रयोगशाळेत लागल्या आणि वयोमानानुसार तिथूनच निवृत्त झाल्या. तडजोडही त्यांनी कधी केली नव्हती. शंभरातले एकोणऐंशी दाणे उगवले तर त्या कागदावर एकोणऐंशीच लिहीत. ऐंशी लिहिलं की सगळा ट्रक पास होतो, हे वरच्या साहेबांनी तीनदा समजावलं, तरी एकोणऐंशीच. या दोन्ही गोष्टी कधी केल्याच नसल्यामुळे त्या कशा करतात याची माहिती बाईंना नव्हती, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दोन्ही एकाच कागदावर करायची वेळ येईल, हे तर मुळीच ठाऊक नव्हतं.

सुरुवात शेवंतीपासून झाली.

हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहरात, अयोध्या नगरातल्या त्यांच्या कॉलनीला एक लहानशी बाग आहे आणि बागेला कमरेएवढी कुंपणभिंत. ऑगस्टच्या शेवटी झिलमिल मीडिया नावाच्या कंपनीने त्या भिंतीबाहेरच्या फुटपाथवर एक इलेक्ट्रॉनिक पडदा उभा केला. वीस फूट रुंद, बारा फूट उंच. मागून त्याला दोन लोखंडी टेकू दिले आणि ते सरळ कॉलनीच्या भिंतीवर टेकवले. पडद्यावर आळीपाळीने गादीची जाहिरात, कोचिंग क्लासची जाहिरात आणि हात जोडलेले भैयाजी येत. भैयाजी म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक. त्यांचा वाढदिवस जूनमध्ये होऊन गेला होता, पण शुभेच्छा अजून येतच होत्या.

टेंभेकरांची बाल्कनी पडद्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या मजल्यावर. गादीची जाहिरात निळी होती. ती लागली की बाईंचे यजमान नीळकंठराव नखशिखांत निळे दिसत आणि आपल्या नावावर आपणच विनोद करत. पहिले चार दिवस वैजयंतीबाई त्या विनोदाला हसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी घरभर जाड पडदे लावले. त्यांचं तेवढ्यावर निभावलं असतं, पण बाल्कनीतल्या शेवंतीच्या पाच कुंड्यांना पडदे लावता येत नव्हते.

शेवंती ही अंधार मोजणारी वनस्पती आहे. रोज रात्री बारा-तेरा तास सलग काळोख मिळाला की तिला थंडी आल्याचं कळतं आणि ती कळ्या धरते. मध्येच उजेड पडला की तिची मोजणी मोडते. आता दर चार मिनिटांनी भैयाजी हात जोडून उगवू लागल्यावर शेवंतीला रात्र झाल्याचं कळायला मार्गच उरला नाही. ती नुसती उंच होत सुटली. पानंच पानं. मंगलाकाकू, खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या नागपूरच्या, त्या कुंड्यांकडे बघून म्हणाल्या, "वैजू, हे मेथीसारखं खुडून भाजी होते का गं याची?"

वैजयंतीबाई कॉलनीच्या रहिवासी समितीच्या सचिव होत्या. हे पद त्यांच्याकडे आलं ते दोन वर्षांपूर्वी मीटिंगला पेन घेऊन गेल्यामुळे. त्यामुळे तक्रार त्यांनीच करायची हे ओघाने आलं. सरकारी तक्रार पोर्टलसाठी त्यांनी चार पानी टिपण तयार केलं. बाल्कनीत किती उजेड पडतो याचा तासातासाचा तक्ता त्यात होता. नीळकंठराव मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी एकेका टेकूमागे भिंतीवर चारशे किलोंचा भार येतो असा हिशेब करून दिला आणि भिंतीला गेलेल्या तड्याचा फोटो पट्टी लावून काढला.

पोर्टलला टिपणात रस नव्हता. त्याला तक्रारीचा प्रकार हवा होता आणि प्रकार त्याचे ठरलेले होते: सडक, नाली, कचरा, पानी, आवारा पशु, प्रकाश व्यवस्था.

"आवारा पशुमध्ये टाक," नीळकंठराव म्हणाले. "रात्रभर मोकाट असतो तो."

वैजयंतीबाईंनी शास्त्रीय दृष्टीने विचार करून "प्रकाश व्यवस्था" निवडलं. नवव्या दिवशी शिडी लावलेली गाडी आली. दोन माणसं उतरली. बाई लगबगीने खाली गेल्या.

"मैडम, शिकायत आपकी है? प्रकाश की?"

"हाँ, मेरी है."

"कहाँ लगाना है?"

बाईंनी पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बागेच्या मागच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीजवळ, नवा कोरा दिवा लावून त्याचा फोटो काढून नेला. उजेड फार होतो ही तक्रार उजेड वाढवून मिटवण्यात आली होती. पाण्याच्या टाकीजवळच्या अंधाराबद्दल कॉलनी सात वर्षं अर्ज करत होती, हा भाग वेगळा. कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. आडनाव टेंभेकर, त्याला साजेसं काम केलं, असंही मंगलाकाकू म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी "अन्य" हा प्रकार शोधून काढला. तो यादीच्या तळाशी, बोट लावल्याशिवाय दिसत नव्हता. ही तक्रार योग्य जागी पोचली असावी, कारण बाराव्या दिवशी फोन आला. पलीकडे बाई होती, पण माणूस नव्हती.

"नमस्कार. आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है. यदि आप संतुष्ट हैं तो हाँ कहें."

बाईंच्या एका हातात कणीक होती. त्या म्हणाल्या, "हं?"

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

मराठी "हं"ला किमान सहा अर्थ आहेत. काय म्हणालात, बोला पुढे, असं होय, बघू, कपाळ माझं, आणि सर्वात शेवटी, तेही नाइलाजाने, होकार. यंत्राला सहावाच तेवढा शिकवला होता. दोन मिनिटांत संदेश आला: शिकायतकर्ता पूर्णतः संतुष्ट. प्रकरण समाप्त.

"तू त्या मशीनशी बोललीसच काहून?" मंगलाकाकूंनी विचारलं. "मी तर फोन उचलून गप्प बसते. थकून तेच ठेवते."

सल्ल्यांचा मग पूर आला. कुणी म्हणालं भैयाजींचा सत्कार करा, सत्कारात हळूच सांगा. कुणी म्हणालं कंपनीच्या गादीलाच वाईट अभिप्राय द्या. नीळकंठरावांच्या पेन्शनर मित्रांनी पडद्यासमोर पिंपळ लावायला सांगितला, म्हणजे वीस वर्षांत प्रश्न सुटेल. बाईंनी तिसरी तक्रार केली. पाहणीला आलेला माणूस भर दुपारी, वीज गेलेली असताना आला आणि "मौक़े पर स्क्रीन बंद पाई गई" असं लिहून गेला. बाईंनी चौथी तक्रार केली. त्या दिवशी ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरून एक वाक्य आलं.

"टेंभेकर मैडम से नहीं होगा. वो नाप-तौल ही करती रहेंगी."

त्याखाली अकरा अंगठे होते. वैजयंतीबाईंनी मोजले.

त्यांनी फोन पालथा ठेवला. देवपूजा केली, पोळ्या केल्या, आणि जेवणं झाल्यावर टेबलाशी बसून कोरा कागद ओढला.

"काय लिहितेस?" नीळकंठरावांनी विचारलं.

"राजीनामा."

"बरं करतेस," नीळकंठराव म्हणाले. "पदभारातून मुक्त करा, असं लिही. तसंच लिहितात."

बाईंनी क्षणभर विचार केला. पेन नेल्यामुळे मिळालेल्या गोष्टीला पद म्हणणं त्यांना अतिशयोक्तीचं वाटलं. पद नव्हतंच, भार तेवढा होता. त्यांनी तेवढंच लिहिलं. कागद हिंदीत होता, सुवाच्य आणि मोजका:

"विषय: रहवासी समिति सचिव का राजीनामा. महोदय, स्क्रीन संबंधी शिकायत को आगे बढ़ाने की मेरी इच्छा अब नहीं रही. मेरे मन में किसी के प्रति बैर नहीं है. निवेदन है कि 15 नवंबर तक मुझे इस भार से पूर्णतः मुक्त किया जाए."

खाली सही. चौतीस वर्षं पोत्यांच्या लेबलांवर होती तीच, एक अक्षरही न गाळलेली.

समितीचे अध्यक्ष सक्सेनाजी जिन्यापलीकडे, अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. जिल्हा कोर्टातून पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद वाचणारे कारकून, म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ते आठवडाभर जबलपूरला लग्नाला गेले होते, म्हणून बाईंनी पाकीट त्यांच्या दाराखालून सरकवलं. तक्रार मात्र बाईंच्या मोबाइल नंबरावर नोंदलेली होती. उद्या यंत्राचा फोन पुन्हा आपल्यालाच यायचा, या भीतीने त्या दुसरी प्रत घेऊन वॉर्ड कार्यालयात गेल्या.

तिथल्या बाबूंनी विषय वाचला आणि ते उभे राहिले. गेल्या तीन खेपांत त्यांनी मानही वर केली नव्हती. आज त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"मैडम, बहुत बड़ा दिल है आपका. राजीनामा अपनी मर्ज़ी से दे रही हैं न? किसी का दबाव तो नहीं?"

"मर्ज़ी से."

"बस, सामने वाले की सहमति ले लेता हूँ, फिर चढ़ा देते हैं."

"सामने वाले तो जबलपूर गए हैं," बाई म्हणाल्या.

"नहीं मैडम, यहीं हैं. सुबह ही मिले थे मुझसे."

सक्सेनाजी परत आले आणि आपल्याला कळलंही नाही, याचं बाईंना आश्चर्य वाटलं. दाराला कुलूप तर तसंच होतं. चहा मात्र चांगला होता. एक पद सोडल्यावर सरकारी कचेरीत एवढा मान मिळत असेल तर लोक खुर्चीला चिकटून का राहतात, असा विचार करत त्या घरी आल्या.

तिसऱ्या दिवशी झिलमिल मीडियाचे मॅनेजर परिहार काजूकतलीचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"मैडम, आप जैसे समझदार लोग कहाँ मिलते हैं? आपके राजीनामे से हमारी पूरी टीम ख़ुश है."

निवृत्तीच्या समारंभातही बाईंना इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. "मी गेले म्हणून तुम्ही आनंद केलात, ते ठीक आहे," असं त्या मनात म्हणाल्या. तोंडाने म्हणाल्या, "मिठाई की ज़रूरत नहीं है."

"हमारी तरफ़ से भी सब मंज़ूर है, मैडम."

"आपकी मंज़ूरी की भी ज़रूरत नहीं थी," बाई म्हणाल्या आणि डबा परत देऊन त्यांनी दार लावलं.

परिहार डबा घेऊन वर जाताना मंगलाकाकूंनी पाहिले. डबा घेऊन खाली येताना पाहिले नाहीत, कारण नेमकी तेव्हा त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. एवढ्या एका शिट्टीने केवढा घोटाळा केला ते रविवारी कळलं. सक्सेनाजी शनिवारी परतले होते. समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्याही फोनवर पोर्टलचा संदेश आला होता, तक्रार राजीनाम्यामुळे बंद झाल्याचा. दाराखाली पाकीट होतं. त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली.

मीटिंग पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चेहरे ताणलेले. वैजयंतीबाईंना वाटलं, लोकांना आपण सोडतोय याचं वाईट वाटतंय. त्यांना जरा बरंही वाटलं.

सक्सेनाजींनी घसा साफ केला. "टेंभेकर मैडम, आपने राजीनामा दिया है?"

"दिया है."

"किससे पूछकर?"

"राजीनामा पूछकर थोड़े ही देते हैं? मन भर गया, दे दिया."

"पूरी कॉलोनी की तरफ़ से?"

"कॉलोनी की तरफ़ से क्यों? अपनी तरफ़ से."

खुर्च्या कुरकुरल्या. तिसऱ्या मजल्याने तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

"कंपनी वालों से मुलाक़ात हुई थी?"

"घर आए थे. मिठाई लेकर. बहुत ख़ुश थे."

"देखिए, छुपा भी नहीं रहीं," मागून कुणीतरी म्हणालं.

"इसमें छुपाना क्या?" बाईंचा आवाज आता बारीक झाला होता. "बावीस साल से यहाँ रहती हूँ. एक काम नहीं हुआ मुझसे, तो राजीनामा दे दिया. इज़्ज़तदार आदमी और क्या करेगा?"

"इज़्ज़तदार आदमी लड़ता है, मैडम," सक्सेनाजी दुःखाने म्हणाले. "आप पर हमें भरोसा था. आपके दस्तख़त पर तो कॉलोनी आँख बंद करके दस्तख़त करती है."

हे मात्र बाईंना लागलं. सहीवर कुणी बोट ठेवलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठराव मंगलाकाकूंकडे बघत होते, आणि मंगलाकाकूंनी पदर तोंडावर धरला होता. त्या रडतायत असं आधी सगळ्यांना वाटलं.

"अगं वैजू," त्यांनी कसंबसं हसू आवरलं, "तू सचिवपद सोडलंस ना?"

"मग मघापासून काय सांगतेय मी?"

"सक्सेनाजी," मंगलाकाकू वळल्या, "हमारे में राजीनामा मतलब इस्तीफ़ा. ये इस्तीफ़ा दे रही है बेचारी."

सक्सेनाजींचं तोंड उघडंच राहिलं. कोर्टात त्यांचा जन्म गेला होता. राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींचा समझोता, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. असे हजारो राजीनामे त्यांच्या हातून फाइलला लागले होते. मराठीत त्याच शब्दाने माणूस नोकरी सोडतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्हीकडे शब्द एकच, राजी झाल्याचा कागद. कुणी एकत्र नांदायला राजी होतं, कुणी निघून जायला.

लोक हसले. अकरा अंगठ्यांपैकी काहींनी मान खाली घातली. वैजयंतीबाई मात्र हसल्या नाहीत. न तपासता शब्द वापरला आणि त्यावर सही केली, हे त्यांच्या दृष्टीने एकोणऐंशीचे ऐंशी करण्यापेक्षाही वाईट होतं. तक्रार कायमची बंद झाली होती. पडदा राहणार होता, त्यांच्या सहीने.

"मुझे वो काग़ज़ दिखाइए," त्या म्हणाल्या.

सक्सेनाजींनी पोर्टलवरून उतरवलेली प्रत फोनवर उघडली आणि सवयीने, न्यायमूर्तींसमोर वाचावं तशी, वाचायला लागले. "मेरे मन में किसी के प्रति बैर नहीं है. निवेदन है कि 15 नवंबर तक मुझे इस भार से पूर्णतः मुक्त..." ते थांबले. चष्मा वर केला. "मैडम, ये भार कौन सा?"

"सचिवपदाचा," बाई मराठीतच म्हणाल्या.

"काग़ज़ में तो ऐसा नहीं लिखा. शिकायत में भार कौन सा लिखा था?"

"दीवार पर. एक टेकू का चार सौ किलो," नीळकंठरावांनी तत्परतेने सांगितलं.

सक्सेनाजींनी कागद बोटाने वर सरकवला. बाईंच्या सहीखाली बाबूंचा शिक्का होता आणि त्याखाली आणखी एक सही. "उपरोक्त राजीनामा समस्त शर्तों सहित हमें मान्य है. वास्ते झिलमिल मीडिया, परिहार."

लोक खुर्च्या सोडून त्या फोनभोवती जमले.

"पढ़ा ही नहीं उसने," सक्सेनाजी हळू आवाजात, जवळजवळ भक्तिभावाने म्हणाले. "मैडम, पंद्रह तक भार नहीं हटाया तो अपने ही दस्तख़त से मुकर जाएगा. फिर मामला सीधे ऊपर खुलेगा. आपने राजीनामा नहीं, डिक्री लिख दी है."

"पर मेरा मतलब वो नहीं था," वैजयंतीबाई म्हणाल्या. खोटं बोलून फूल उमलवायचं त्यांना पटेना.

तेव्हा नीळकंठराव, जे मीटिंगमध्ये सहसा फक्त आकडे बोलत, म्हणाले, "तू भार लिहिलास. भार होता की नव्हता?"

"होता."

"कुठला?"

बाईंनी विचार केला. "दोन्ही."

"मग झालं. तुझा आकडा बरोबर आहे. वाचणाऱ्याने काय वाचलं ते त्याचं तो बघेल."

पुढच्या दिवसांत परिहारांचे सात फोन आले. ते सातही सक्सेनाजींनी घेतले आणि प्रत्येक वेळी त्यांना तेच वाक्य त्याच स्वरात वाचून दाखवलं. बाबूंनीही हात वर केले. बंद झालेली फाइल पुन्हा उघडण्यापेक्षा पडदा उतरवणं त्यांना सोपं वाटत होतं. पंधरा तारखेला सकाळी अकराला क्रेन आली. आधी गादी उतरली, मग कोचिंग क्लास, शेवटी भैयाजी, अजून हात जोडलेलेच, हळूहळू आडवे होत ट्रकमध्ये निजले. टेकू निघाले तशी भिंतीने माती झाडली आणि ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी एक कापडी बॅनर लागला. स्क्रीन हटवल्याबद्दल भैयाजींचे हार्दिक आभार, समस्त रहिवासी. समस्त रहिवाशांना ही बातमी तिथेच कळली. कुणीतरी तक्रार करूया म्हणालं. वैजयंतीबाईंनी बाल्कनीतून बॅनर नीट पाहिला. "कापडाला उजेड नसतो," त्या म्हणाल्या. "राहू दे."

सचिवपदाचं तेवढं राहिलं. सक्सेनाजींचं म्हणणं, एकच कागद समझोता म्हणून वापरला गेला आहे, आता त्याचा इस्तीफ़ा म्हणून दुसरा अर्थ लावता येणार नाही. हवं तर नवा अर्ज द्या. वैजयंतीबाईंनी या खेपेला शब्दकोश उघडून, इस्तीफ़ा शब्द तीन ठिकाणी तपासून, नवा कागद लिहायला घेतला. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. विषय लिहून झाला. मजकुराला शब्द जुळवता जुळवता त्या बाल्कनीत गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

मंगलाकाकू विरजण मागायला वर आल्या तेव्हा बाई कुंड्यांपुढे पाट घेऊन बसल्या होत्या आणि इस्तीफ़्याच्या कोऱ्या बाजूवर पेनाने खुणा करत होत्या. पानांच्या बेचक्यांतून मुगाएवढ्या हिरव्या कळ्या वर आल्या होत्या.

"किती गं?" मंगलाकाकूंनी विचारलं.

"एकोणऐंशी."

"म्हणजे ऐंशीच की."

"एकोणऐंशी," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कागदाची घडी करून कुंडीखाली ठेवली.